छिद्र लहान, आजार लहान नव्हे

माझी नोकरीची बहुतेक वर्षं मिरजेत गेली. सिस्टर म्हणून आधी कॅथ लॅबमध्ये होते, मग रक्तवाहिन्यांच्या ओपीडीत. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचे, जत-आटपाडीचे, पलीकडे अथणी-चिकोडीचे पेशंट सकाळच्या गाडीने येतात आणि केसपेपरच्या रांगेत मराठी-कानडी दोन्ही कानावर पडतं. हृदयाच्या अँजिओप्लास्टीची माहिती आता गावोगाव आहे. पण पायाचीही अँजिओप्लास्टी होते, फुगलेल्या नसा न कापता बंद करता येतात, डायलिसिसचा बंद पडत चाललेला हात फुग्याने पुन्हा चालू होतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या मनात ‘चिरा नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी’ एवढंच बसलेलं असतं. ते खरंही आहे. पण उपचार सुईच्या छिद्रातून झाला म्हणून आजारही किरकोळ, असं घरच्यांना वाटू लागतं आणि तिथेच घात होतो. या कामात जे शिकले ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

१. बिघडली ती धमनी की शीर, हे आधी कळू द्या

ओपीडीच्या बाकावर दोघे शेजारी बसलेले असतात. एक इचलकरंजीचा, यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा. संध्याकाळ झाली की त्याचे पाय जड पडतात, घोटे सुजतात. पोटरीवर वेड्यावाकड्या निळ्या नसा उठलेल्या असतात, घोट्याजवळची कातडी काळपट पडून खाजत असते. पाय उशीवर घेतला की त्याला बरं वाटतं. दुसरे शेतकरी आजोबा. त्यांच्या पायाला सूज नाही, पण बांधापर्यंत चाललं की पोटरी आवळते आणि थांबावं लागतं. रात्री आडवं झालं की बोटं ठणकतात, म्हणून ते पाय खाटेखाली सोडून बसून राहतात. दोघेही सांगतात एकच, “सिस्टर, नसांचा त्रास आहे.”

पहिल्याच्या शिरा बिघडल्या आहेत. पायातलं रक्त वर न्यायचं काम त्या करतात, पण त्यांच्या झडपा सैल झाल्याने रक्त खाली साठतं. आजोबांच्या धमन्या आकसल्या आहेत, पायापर्यंत रक्तच पोचत नाही. म्हणून दोघांचे उपाय उलटे. पाय उंच ठेवल्याने पहिल्याला आराम पडतो, दुसऱ्याचं दुखणं वाढतं. घट्ट पायमोजे पहिल्याचं औषध आहेत. दुसऱ्याच्या पायात उरलंसुरलं रक्तही ते अडवू शकतात.

एका मुलाने वडिलांच्या काळजीपोटी मेडिकलमधून चांगले महागाचे स्टॉकिंग आणून त्यांना घातले होते. वडिलांना जुना मधुमेह, पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे मोजा रुततोय हे त्यांना कळलंच नाही. आम्ही मोजा उतरवला तेव्हा नडगीवर नवी जखम तयार होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते : आधी पायाची नाडी तपासून घ्या, मगच मोजे घ्या.

२. चालताना पोटरी थांबवत असेल तर वयावर ढकलू नका

ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटं थांबलं की जातो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. हे धमनीच्या दुखण्याचं बोलकं लक्षण. घरचे म्हणतात, वय झालं. पेशंट चालणंच कमी करतो, मग त्रास जाणवत नाही आणि आजार आत वाढत राहतो.

याची पहिली तपासणी अगदी साधी आहे. दंडाचं आणि घोट्याचं बीपी घ्यायचं, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. मधुमेह किंवा किडनीचा आजार जुना असेल तर धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होते, पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटाच १.४ च्या वर जातो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं. म्हणून नुसता आकडा बघून निर्धास्त होऊ नये.

आणि पोटरी दुखते म्हणून लगेच फुगा घालायचा असंही नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, तंबाखू बंद आणि शिस्तीचं चालणं, हा पहिला उपचार. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, किमान तीन महिने. हे मनापासून करणाऱ्यांचं चालण्याचं अंतर वाढलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. ज्याच्या पायाच्या धमन्या आकसल्या त्याच्या हृदयाला आणि मेंदूलाही धोका असतो. गोळ्या त्यासाठीही असतात, हे घरच्यांना नीट सांगावं लागतं.

३. जखम भरत नसेल तर आधी रक्त पोचतंय का ते बघा

कालव्याला पाणी सुटलं तरी टेलच्या रानात ते शेवटी पोचतं, आणि वर कुठे अडलं की सगळ्यात आधी तेच रान वाळतं. पायाची बोटं ही शरीराचं टेल आहेत. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या बंद पडतात आणि बोटाला लागलेली ठेच, कापलेलं कुरूप, चप्पल घासून झालेली जखम भरून येत नाही. गावाकडे महिनोन्‌महिने ड्रेसिंग चालू असतं. मलमं बदलतात, अँटिबायोटिक बदलतात, आणि पायाची नाडी लागते का हे कुणी बघितलेलंच नसतं.

पू झाला असेल तर तो त्याच दिवशी काढावा लागतो, तिथे थांबणं नाही. पण बोट नुसतं सुकून काळं पडलं असेल तर आधी रक्त पोचवायचं आणि मग बोट काढायचं, हा क्रम महत्त्वाचा. रक्त न पोचवता बोट कापलं तर ती कापलेली जागाही भरत नाही. मग पंजा जातो, मग गुडघ्याखाली पाय जातो.

अशा पेशंटची अँजिओग्राफी बघताना छाती दडपते. धमनीत सोडलेली डाय स्क्रीनवर काळी दिसते. गुडघ्यापर्यंत ती भरभरून येते आणि त्याखाली तीन धमन्यांपैकी एकीचाही पत्ता नसतो. मग डॉक्टर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची तार अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवत फिरवत पुढे सरकवतात. कधी ती दहा मिनिटांत पार होते, कधी तास जातो. वरून जमलंच नाही तर घोट्याजवळ सुई घालून खालून वर तार नेतात. तार पार झाली की निम्मी लढाई जिंकली. मग दोन-तीन मिलिमीटरचा लांब फुगा त्या जागी नेऊन दोन-तीन मिनिटं फुगवून ठेवायचा. पेशंट जागाच असतो, म्हणतो, “सिस्टर, पाय जळतोय.” मी म्हणते, “काका, थोडं सोसा, रस्ता उघडतोय.” फुगा उतरवून पुन्हा डाय सोडली आणि ती पंजापर्यंत झरझर गेली की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा खुलतो.

हा उपचार हृदयाकडून पायाकडे आला असं लोकांना वाटतं. इतिहास उलटा आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची आकसलेली धमनी चिरा न देता आतून रुंद केली. बोटांना गँगरीन झालं होतं आणि पाय कापून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत पहिला फुगा घातला तो १९७७ मध्ये. म्हणून ‘पाय कापावा लागेल’ असं कुणी सांगितलं तर त्याआधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना एकदा पाय दाखवा. प्रत्येक पाय वाचतो असं नाही, पण विचारल्याशिवाय एकही कापू नये.

४. तंबाखू सुटली नाही तर फुगा टिकत नाही

तिशी-पस्तिशीचा तरुण, मधुमेह नाही, बीपी नाही, आणि पायाची बोटं काळी. विचारलं तर विडी किंवा मळलेली तंबाखू. बर्गर आजार म्हणतात तो हा. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायाच्या अगदी टोकाच्या बारीक धमन्या यात बंद होतात. तिथे फुगा पोचवणं अवघड आणि पोचला तरी टिकणं अवघड. बायपास जोडायलाही पुढे चांगली धमनी उरलेली नसते.

या आजाराला खरं औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद. “दिवसाला आता दोनच ओढतो” याला इथे अर्थ नाही. दोन विड्याही आजार पेटता ठेवायला पुरतात. ज्यांनी पूर्ण सोडली त्यांचे पाय वाचलेले मी पाहिले आहेत. बायकांच्या बाबतीत तर विचारायलाच लोक विसरतात. मिश्री ही तंबाखूच आहे. दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून चार वेळा ती लावली जाते, आणि “आमच्यात कुणी तंबाखू खात नाही” असं घरचे प्रामाणिकपणे सांगतात. मी आता थेट मिश्रीचं नाव घेऊनच विचारते.

सोडणं सोपं नाही हे मला कळतं. म्हणून पेशंटला रागावण्यापेक्षा मदतीचा रस्ता दाखवावा. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मी तो डिस्चार्ज कार्डावर स्वतःच्या हाताने लिहून देते.

५. पाय अचानक गार पडला तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका

वरचे आजार महिन्या-वर्षांनी वाढतात. हा घड्याळाच्या काट्यावर वाढतो. चांगला चालता-फिरता माणूस, आणि एकाएकी एक पाय असह्य दुखायला लागतो, पांढरा पडतो, गार होतो, मुंग्या येऊन बधिर होतो, बोटं हलेनाशी होतात. हृदयात झालेली गुठळी सुटून पायाच्या धमनीत अडकते, किंवा आधीच आकसलेली धमनी पूर्ण बंद होते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना आणि झडपेचा जुना आजार असणाऱ्यांना याचा धोका जास्त.

साधारण सहा तासांत रक्त पुन्हा सुरू झालं तर पाय वाचायची चांगली आशा असते. त्यानंतर स्नायू मरू लागतात. गुठळी काढायचे मार्ग आहेत. लहानशा चिऱ्यातून फुग्याची नळी घालून ती ओढून काढता येते. थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे साधन केलं. आता नळीतून गुठळी विरघळवणारं औषधही सोडता येतं किंवा ती शोषून घेता येते. पण हे सगळं वेळेत आलेल्यांसाठी. रात्री दोनला पाय गार पडला आणि घरच्यांनी लकवा समजून तेल चोळलं, शेक दिला, आणि सकाळी पहिल्या एसटीने आणलं, असे पेशंट बघून आजही जीव तुटतो. मालिश नको, गरम पाण्याची पिशवी नको. १०८ ला फोन करा आणि निघा.

याच्या उलट, एकच पाय सुजून गरम आणि जड झाला असेल तर शिरेत गुठळी असण्याची शंका घ्यावी. मोठं ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टरमध्ये पडून राहणं, लांबचा प्रवास यानंतर हे होतं. हाही पाय चोळायचा नाही, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बहुतेकांना रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी बरं वाटतं. मांडीपासून पोटापर्यंत ताजी गुठळी असेल तर काही जणांना नळीने ती काढावी लागते. गुठळी डाव्या पायात जास्त दिसते, कारण ओटीपोटात उजव्या पायाची धमनी डाव्या शिरेवरून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. तिथे कधी स्टेंट लागतो. गोळ्या निदान तीन महिने घ्यायच्या असतात. सूज उतरली म्हणून आपल्या मनाने बंद करणं सर्वांत धोक्याचं.

६. लेझर झाला तरी पायाशी नातं संपत नाही

कंडक्टर, शिक्षक, ट्रॅफिक पोलीस, हॉटेलातले आचारी, केस कापणारे. उभं राहून पोट भरणाऱ्या माणसांची रांग आमच्याकडे फुगलेल्या नसांसाठी लागते. पूर्वी भूल देऊन मांडीपासून ती शीर ओढून काढत. आता बहुतेकांची शीर आतून बंद करतात. सोनोग्राफीत बघत गुडघ्याजवळ सुईने शिरेत बारीक नळी घालतात. शिरेभोवती बधिर करणारं पातळ औषध भरतात, म्हणजे वेदना कळत नाही आणि कातडीला व मज्जातंतूला उष्णता लागत नाही. मग लेझरने किंवा रेडिओलहरींनी आतून उष्णता देतात. रेडिओलहरींच्या नळीचं टोक १२० अंशांपर्यंत तापतं आणि सात सेंटिमीटरचा तुकडा वीस सेकंदांत बंद होतो. काही ठिकाणी चिकटवणारा ग्लू वापरतात, बारीक फांद्यांसाठी फेसाचं इंजेक्शन देतात. पेशंट थोड्या वेळाने चालत बाहेर येतो.

प्रत्येक जण मला विचारतो, “सिस्टर, नस बंद केली तर रक्त कुठून जाणार?” प्रश्न रास्त आहे. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त आतल्या खोल शिरांतून जातं. कातडीखालची बिघडलेली शीर बंद केली तर उलट ओझंच कमी होतं. पण आतल्या शिरा मोकळ्या आहेत ना, हे पेशंटला उभं करून केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत आधी बघावं लागतं. ती तपासणी घाईत उरकणाऱ्या ठिकाणी उपचार घेऊ नये. आणि नुसती बारीक निळी जाळी दिसते म्हणून लेझर करून घ्यायची गरज नसते.

घोट्याजवळ जखम असेल तर मात्र थांबू नका. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. पट्टी दोन्ही गटांना बांधत होतेच, पण ज्यांची बिघडलेली शीर लवकर बंद केली त्यांची जखम मध्यमानाने ५६ दिवसांत भरली, ज्यांची उशिरा केली त्यांना ८२ दिवस लागले. उपचारानंतर त्याच दिवशी चालायचं, सांगितलेले दिवस स्टॉकिंग घालायचे, वजन सांभाळायचं. उभ्याचं काम सुटणार नसेल तर अधूनमधून टाचा उचलून पोटरी हलवत राहायची. पोटरीचा स्नायू दाबला गेला की रक्त वर ढकललं जातं.

७. डायलिसिसच्या हातावर रोज बोटं ठेवा

किडनीच्या पेशंटच्या मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडतात, तो फिस्टुला. १९६६ मध्ये ब्रेसिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वैद्यकीय जगापुढे मांडला आणि आजही त्याला तोड नाही. त्यावर बोटं ठेवली की भिरभिर लागते. पेशंटसाठी ती जगण्याची दोरी असते.

ही भिरभिर मंदावली, ठोका नुसता टणक लागायला लागला, मशीनवर प्रेशर वाढतंय असं टेक्निशियन सांगायला लागला, किंवा सुई काढल्यावर रक्त लवकर थांबेना, तर आत कुठेतरी शीर आकसते आहे. पेशंट त्या वेळी आला तर अर्ध्या-पाऊण तासात फुग्याने ती रुंद करता येते. भिरभिर पूर्ण थांबली तर त्याच दिवशी यावं, कारण दिवस जातील तशी गुठळी घट्ट होते. त्या हाताचं बीपी नको, रक्त काढणं नको, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नको, त्या कुशीवर झोपणं नको. हे मी पेशंटइतकंच त्याच्या घरच्या माणसांना शिकवते, कारण थकलेल्या माणसाच्या हातावर रोज बोटं ठेवणारं दुसरं कुणी असावं लागतं.

८. उपचारानंतरचे पहिले काही तास पेशंटच्या हातात असतात

उपचार झाला की जांघेतली नळी काढायची आणि धमनी दाबून धरायची, हे काम मी वर्षानुवर्षं केलं. कातडीवरचं छिद्र दिसतं त्याच्या थोडं वर धमनीचं छिद्र असतं, बोटं तिथे हवीत. रक्त येता कामा नये आणि बोटाखाली नाडीही लागत राहिली पाहिजे, इतकाच दाब. पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. या वेळात पेशंट मोकळेपणाने बोलतात. तासगावच्या एका आजोबांनी मला द्राक्षाच्या छाटणीचं सगळं वेळापत्रक समजावलं होतं, आणि माझं लक्ष त्यांच्या पायाच्या रंगावर होतं.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. खोकला आला तर जांघेवर हात दाबून खोकायचं. जागा फुगली, चादर ओली लागली, पाय गार पडला, कमरेत अचानक दुखून घाम फुटला, तर लाजू नका, लगेच हाक मारा. रक्तस्राव कधी कधी बाहेर दिसत नाही, आत पोटामागे होतो. डायमध्ये आयोडिन असतं, ते किडनीवर भार टाकू शकतं. म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात, किडनी अशक्त असेल तर मेटफॉर्मिनची गोळी काही काळ थांबवायला सांगतात. कमरेखालच्या धमन्यांसाठी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरायचीही सोय काही ठिकाणी असते. किडनीचा त्रास असेल तर आपण होऊन सांगा.

९. कधी कधी चिराच बरा

‘ऑपरेशन नको, बिनटाक्याचं करा’ असा हट्ट धरणारे नातेवाईक मला रोज भेटतात. त्यांना मी समजावते की डॉक्टरांनी बायपास सुचवला तर त्याला कारण असतं. २०२२ मध्ये अमेरिकेतून आलेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ अभ्यासात, ज्यांच्या पायात बायपाससाठी चांगली शीर होती त्यांना बायपास आधी केलेला जास्त फायद्याचा ठरला. २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘बेसिल-२’ अभ्यासात गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी फुगा आधी वापरलेल्यांचं जास्त बरं चाललं. दोन्ही अभ्यासांतले पेशंट वेगळे होते, म्हणून एकाला लावलेला नियम दुसऱ्याला डोळे मिटून लावता येत नाही. कोणती धमनी, किती लांब अडथळा, शीर कशी आहे, हृदय ऑपरेशन सोसेल का, यावर ठरतं.

पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्याचंही तसंच. पुरुषांत तो साडेपाच सेंटिमीटरला पोचला की फुटायच्या धोक्यामुळे उपचाराचा विचार करतात. १९९० मध्ये ब्यूनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी जांघेतून आत कापडी नळी बसवून दाखवली. आता ते अनेक ठिकाणी होतं आणि पेशंट काही दिवसांत घरी जातो. पण त्या नळीच्या कडेने गळती होऊ शकते, म्हणून जन्मभर ठरावीक काळाने स्कॅन करावा लागतो. पुन्हा तपासणीला येणं ज्यांना जमणार नाही त्यांनी हे आधीच डॉक्टरांना सांगावं. निर्णय बदलू शकतो.

१०. पैशाचं आधी आणि स्पष्ट विचारा

पैशाचं विचारायला लोक संकोचतात आणि नंतर कोलमडतात. किती फुगे लागतील, स्टेंट लागेल का, औषध लावलेला फुगा कशासाठी, पुन्हा करावं लागलं तर काय, हे विचारणं पेशंटचा हक्क आहे. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटसाठी. पायाचा स्टेंटही त्याच दरात मिळेल असं गृहीत धरू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा. स्टेंटचं कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यानेच सुटतात.

११. उघडलेली नस घरीच टिकते

फुग्याने उघडलेली धमनी पुन्हा आकसू शकते, विशेषतः पहिल्या वर्षात. ज्यांचे पाय टिकले त्यांच्या घरी मी एक गोष्ट सारखीच पाहिली : कुणीतरी रोज पाय बघत होतं. सून, नात, कधी शेजारीण. आषाढी वारीला निघणाऱ्या मधुमेही माउलींना मी हात जोडून सांगते, अनवाणी चालण्याचा नेम असेल तर विठ्ठलाला सांगून तो सोडा. तापलेल्या डांबरावर बधिर तळव्याला फोड येतात आणि पंढरपूर येईपर्यंत कळतही नाही. थंडीत शेकोटीला पाय लावू नका. बादलीतलं पाणी हाताच्या कोपराने तपासून घ्या. नख सरळ कापा, कुरूप ब्लेडने काढू नका.

नाडी बघायला तुम्हीही शिकू शकता. पायाच्या पाठीवर, अंगठ्याच्या कंडरेच्या बाजूला एक लागते, आतल्या घोट्याच्या हाडामागे दुसरी. बोटं हलकी ठेवा, दाबू नका. नाही लागली म्हणून घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. फुगा फुगवायचं काम आम्ही तासाभरात करतो. त्यानंतरची गोळी, चालणं, तंबाखूपासून लांब राहणं आणि पायावरची नजर हे सगळं घरच्यांचं काम, आणि पाय वाचतो तो त्याच्यावर. तेव्हा आज घरातल्या मधुमेही माणसाला खुर्चीत बसवा, मोजे काढायला लावा, दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. काळा डाग, भेग किंवा न भरलेली जखम दिसली तर उद्याच दवाखाना गाठा.